मेडलच्या कडेवरचं नाव

एखाद्या माजी सैनिकाच्या घरी भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये मेडल्स लावलेली दिसली, तर एकदा त्यांना विचारून एखादं मेडल हातात घ्या आणि त्याची कड बघा. समोरचं चित्र नाही, रंगीत फीत नाही, फक्त कड. तिथं बारीक अक्षरांत नंबर, रँक, नाव आणि पलटण कोरलेली असते. दिल्ली कँटच्या गोपीनाथ बाजारात, किंवा कुठल्याही छावणीतल्या वर्दीच्या दुकानात, हवं ते मेडल पैसे मोजून मिळतं. फीत नवी, धातू चकचकीत. पण त्याची कड कोरी असते.

आज लिहायचंय ते या कोऱ्या कडेबद्दल. ज्यांनी नोकरी केली, लढाई केली, पण ज्यांच्या कागदावर त्या मेडलची नोंदच नाही, त्यांच्याबद्दल.

मी फौजेत क्लार्क होतो. आमच्यातले लोक मला बाबू म्हणायचे, नंतर बडे बाबू, सुभेदार झाल्यावर साहेब. जोधपूर, मिसामारी, सिक्कीम अशा पोस्टिंगांबद्दल मी आधी लिहिलं आहे. शेवटची तीन वर्षं मी एका रेकॉर्ड ऑफिसात काढली. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण सांगायचंय ते एकाच ऑफिसचं दुखणं नाही. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे काय, हे नागरी वाचकांना ठाऊक नसेल. जवान भरती होतो त्या दिवसापासून त्याचा एक शीट रोल बनतो. बदली, रजा, कोर्स, शिक्षा, लग्न, मुलं, आजारपण, मेडल, सगळं पार्ट टू ऑर्डर निघून त्यावर चढतं. माणूस पलटणीत असतो, त्याचा कागद रेकॉर्डला. माणूस घरी जातो, म्हातारा होतो, मरतो, कागद तिथंच. लांबच लांब लोखंडी रॅक, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि प्रत्येक रॅकवर काही हजार माणसं.

2021 साल होतं. 1971 च्या लढाईला पन्नास वर्षं होत होती. आदल्या डिसेंबरात दिल्लीच्या युद्ध स्मारकावरून पेटवलेल्या विजय मशाली देशभर फिरत होत्या, जागोजागी जुन्या सैनिकांचे सत्कार चालले होते. ऑक्टोबरातल्या एका सकाळी गेटवरून फोन आला, एक वयस्कर पेन्शनर आलेत, हिंदी नीट समजत नाही. मी गेलो. धोतर, पांढरी टोपी, हनुवटीवर उतरलेला मास्क, हातात प्लास्टिकची पिशवी. बरोबर नातू. खटाव तालुक्यातून दोन गाड्या बदलून आलेले.

"कुठलं गाव, तात्या?" मी मराठीत विचारलं.

म्हातारा दचकला. "साहेब, तुमी मराठी?"

"कोरेगावचा."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय! सकाळधरनं हिंदी बोलून जीभ दुखाय लागली माझी."

तात्या 1963 मध्ये भरती झालेले, 1978 मध्ये नाईक म्हणून पेन्शनवर गेलेले. पायदळाची पलटण. तालुक्याच्या ठिकाणी 71 च्या सैनिकांचा सत्कार ठरला, त्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. यादी करणाऱ्या मंडळींनी डिस्चार्ज बुक मागितलं. त्यात 71 चं एकच मेडल होतं, संग्राम मेडल.

"म्हणले, तात्या, ह्ये तर समद्यांना मिळालंय. पूर्वी स्टार न्हाई तुमच्या पुस्तकात. म्हंजी तुमी मागं कुठंतरी असणार." असं म्हणत त्यांनी धोतर जरा बाजूला करून मांडी दाखवली. गुडघ्याच्या वर वीतभर लांब, आत ओढलेला व्रण. "मग ह्ये काय म्हशीनं मारलंय का?"

हसू आलं, पण नातू हसत नव्हता. त्याच्या समोर आजोबांना कुणीतरी खोटं ठरवलं होतं.

इथं जरा थांबून सांगतो. 71 च्या लढाईसाठी तीन मेडल्स ठरली. पूर्वेकडच्या लढाईत होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या लढाईत होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सीमेकडच्या राज्यांत नेमणुकीवर असलेल्या सगळ्यांना संग्राम मेडल. म्हणजे संग्राम सांगतं की तुम्ही त्या वेळी नोकरीत होता. स्टार सांगतो की तुम्ही तिथं होता. गावातल्या मंडळींनी काढलेला अर्थ चुकीचा नव्हता. त्यांच्यासमोरचा कागद चुकीचा होता.

पिशवीतून दोन जुनी पत्रं निघाली. तात्यांनी याआधी दोन वेळा अर्ज केला होता. एक नोकरी सोडल्यावर सहा-सात वर्षांनी, दुसरा त्यानंतर वीस वर्षांनी. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच: उपलब्ध नोंदींनुसार आपण पात्र दिसत नाही, कागदोपत्री पुरावा असल्यास पाठवावा. खाली सही. अशी पत्रं मीसुद्धा शेकड्यांनी टाइप केली आहेत. एक नमुना तयार असतो, नंबर आणि नाव बदलायचं, बस्स.

शीट रोल दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. पानं पिवळी, पण अक्षर स्वच्छ. डिसेंबर 1971, दुसरा आठवडा: स्प्लिंटरची जखम, मैदानी हॉस्पिटल, तिथून पुढे लखनौचं लष्करी हॉस्पिटल. पार्ट टू ऑर्डरचा नंबर, तारीख, सगळं. चार महिने हॉस्पिटल, मग सिक लीव्ह, मग रेजिमेंटल सेंटरच्या डेपो कंपनीत. वर्षभरानं पुन्हा पलटण.

मग स्टार का नाही? बाबू म्हणून मला ते पाच मिनिटांत कळलं आणि त्या पाच मिनिटांनी मला फार वाईट वाटलं.

मेडल कसं मिळतं ते बघा. लढाई संपते. मेडल ठरतं, त्याचे नियम येतात. मग पलटणीला हुकूम येतो की पात्र जवानांची यादी पाठवा. पलटणीचा बाबू आपल्या हजेरीपटावरची, म्हणजे त्या दिवशी पलटणीच्या ताकदीवर असलेली नावं उतरवतो. सीओसाहेब सही करतात, यादी रेकॉर्डला जाते, शीट रोलवर नोंद चढते, मग मेडल. आता जो माणूस त्या दिवशी लखनौच्या वॉर्डात पाय टांगून पडलाय तो पलटणीच्या ताकदीवर नाही. जास्त दिवस हॉस्पिटलात राहिलेल्याला डेपोच्या ताकदीवर टाकतात. डेपोचा बाबू म्हणतो, आमच्याकडचे लढाईला गेलेच नव्हते, आम्ही कशाला स्टारची यादी पाठवू? तो संग्रामची यादी पाठवतो. बरोबरही असतो बिचारा, आपल्या जागी. आणि माणूस दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीतून खाली पडतो.

म्हणजे ज्या नोंदीमुळे तात्या स्टारच्या यादीतून गळले, तीच नोंद ते लढाईत होते याचा पक्का पुरावा होती. आणि ती पन्नास वर्षं आमच्याच रॅकवर होती. आम्ही त्यांना दोन वेळा पत्र लिहून पुरावा मागितला, तो पुरावा आमच्याच ताब्यात असताना.

माझं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे. मेडलची नोंद राहिली तर ती शोधण्याचं ओझं आज म्हाताऱ्या सैनिकावर किंवा त्याच्या विधवेवर आहे. ते उलट असायला हवं. नोंदी सरकारच्या, चूक सरकारी बाबूची, कपाटाची किल्ली सरकारकडे. पुरावा आणा म्हणून सांगणं म्हणजे किल्ली आपल्या खिशात ठेवून समोरच्याला कुलूप उघड म्हणण्यासारखं आहे.

आता माझंही एक प्रकरण सांगतो, नाहीतर हे लिहायचा मला अधिकार नाही.

2004 ची गोष्ट. सिक्कीममध्ये होतो, नाईक क्लार्क. हाय अल्टिट्यूड मेडलची, म्हणजे उच्च तुंगता मेडलची यादी करायची होती. 9,000 फुटांच्या वर एकूण 180 दिवस काढले की ते मिळतं. एकूण हा शब्द महत्त्वाचा, सलग नाही. मार्च महिना, ऑडिट डोक्यावर, रात्री दोनपर्यंत बल्बखाली बसून मी हजेरीचे कागद बघत होतो. चार ड्रायव्हर दोन वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर वर जाऊन आले होते. पहिल्या कागदावर कुणाचे 96 दिवस, कुणाचे 98. दुसऱ्या कागदावर 91, 88. मी प्रत्येक कागद वेगळा बघितला, 180 भरत नाहीत म्हणून पेन्सिलीनं फुली मारली आणि पुढं गेलो. बेरीज केली नाही. बेरजेची गोष्ट, चौथीतल्या पोराला येते.

आठ वर्षांनी जोधपूरच्या कँटीनच्या रांगेत त्यातला एक भेटला, बिहारचा. हसत हसत म्हणाला, "बाबूजी, हम लोग क्या उड़ के ऊपर गए थे? सबको मेडल मिला, हम चार को नहीं." मीही हसलो. म्हटलं, बघतो. आणि विसरलो. खरंच विसरलो. तात्यांचा शीट रोल हातात घेतला तेव्हा मला ती फुली आठवली.

त्यामुळे रेकॉर्डमधल्या बाबूंना शिव्या घालणारं लिखाण हे नव्हे. बाबूची चूक ही आळसाची असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती मार्च महिन्याची असते. शिवाय आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांची नावं हा स्वतंत्र विषय आहे. भरतीच्या फॉर्मवर आडनाव आधी की नाव आधी, याचा घोळ. बापाचं नाव मधे आलं की उत्तरेकडच्या बाबूला वाटतं तेच आडनाव. ळ तर हिंदीवाल्यांच्या लेखी नाहीच, साळुंखेचा सालुंके होतो, काळेचा काले. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक बाबूचं वेगळं. त्यात माणूस एका कोअरमधून दुसऱ्यात गेला, किंवा जेसीओ झाला की नंबर बदलतो. जुन्या नंबरावर मंजूर झालेलं मेडल नव्या नंबराला कधी कधी सापडतच नाही.

काही जण म्हणतील, एवढं काय त्या मेडलचं? त्यानं पेन्शन वाढत नाही, जमीन मिळत नाही. आणि आजकाल मेडल्स फार झाली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, मेडल. पन्नास झाली, मेडल. पंचाहत्तर झाली, मेडल. नऊ वर्षं नीट नोकरी केली की एक, वीस वर्षांना आणखी एक. छाती भरते, हे खरं आहे. माझ्याही छातीवर अशी आहेत आणि मी ती अभिमानानं लावतो. पण म्हणूनच तर स्टारची किंमत वेगळी. सगळ्यांना मिळणाऱ्या रांगेत एकच मेडल असं असतं जे बघून दुसरा सैनिक विचारतो, कुठला सेक्टर? आणि मग दोघं चहाला बसतात. ते मेडल नसेल तर तो प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि पैशाचा संबंध नाही, हेही सर्वस्वी खरं नाही. मेडलची नोंद गळते तेव्हा तिच्याबरोबर कधी कधी दुसरंही गळलेलं असतं. जखम बॅटल कॅज्युअल्टी म्हणून चढली की साधी दुखापत म्हणून, यावर वॉर इंज्युरी पेन्शन ठरते, आणि ती साध्या अपंगत्वाच्या पेन्शनपेक्षा बरीच जास्त असते. ज्याच्या कागदावर लढाईच दिसत नाही, त्याच्या जखमेला कोण लढाईची जखम म्हणणार? तात्यांच्या व्रणाची केस वेगळी चालू आहे, म्हणून त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

खोटे दावे येतात, ही अडचण मात्र खरी. मी स्वतः खाडाखोड केलेली डिस्चार्ज बुकं बघितली आहेत. एकदा तर शाई इतकी ताजी की बोटाला लागली. मेडल वाटताना हात आखडता असायलाच हवा, नाहीतर खऱ्याच्या मेडलला अर्थ राहणार नाही. पण आखडता हात आणि बंद डोळे यात फरक आहे. खोटा माणूस कागद बनवून आणतो. खरा माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हातानं येतो, कारण त्यानं त्या वेळी कागद जमवले नव्हते, तो खंदकात होता. पुरावा मागण्याच्या पद्धतीत पहिला पुढे सरकतो आणि दुसरा घरी जातो.

अमेरिकेत 1973 च्या जुलैमध्ये सेंट लुईस शहरातल्या त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला आग लागली. दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. तरी ते लोक आजही पगाराच्या पावत्या, हॉस्पिटलच्या नोंदी, तुकडीचे रोजचे हजेरी अहवाल यांवरून माणसाची नोकरी पुन्हा उभी करतात, आणि राहिलेली मेडल्स देतात, वारसालासुद्धा. आपल्याकडे आग लागलेली नाही. कागद आहे. फक्त कुणी रॅकपर्यंत जायला हवं.

अर्थात कागद कायम राहील या भरवशावर कुणी राहू नये. पेन्शनरांचे कागद टिकतात, पण पेन्शन न मिळता बाहेर पडलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नियमानुसार नष्ट करतात. त्यांच्यामागे उरतो तो फक्त लाँग रोल, एक मोठं रजिस्टर, त्यात माणसाला एक-दोन ओळी. जुन्या काळी काही वर्षं कलर सर्व्हिस आणि मग रिझर्व्ह अशी भरती असायची. तसे कित्येक लोक पेन्शनविना घरी गेले. 71 ला त्यांच्यातले काही परत बोलावले गेले, लढले, परत नांगराला लागले. त्यांच्यापैकी कुणाचा स्टार राहिला असेल तर आज शीट रोलही नाही. तिथं पलटणीचे जुने कागद, वॉर डायरी आणि त्याच्याबरोबर लढलेला एखादा जिवंत साथीदार एवढंच हातात उरतं. आणि 71 चा सर्वांत लहान जवानही आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाही आणि तिला नवीन कायदा लागत नाही. 71 मध्ये दोन्ही आघाड्यांवर मिळून साडेनऊ हजारांहून जास्त जवान जखमी झाले. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसानं आपल्या वाट्याच्या जखमींची यादी आणि स्टारची यादी शेजारी शेजारी ठेवावी. पूर्वेकडे गोळी लागलेला माणूस पूर्वेकडे होता, याला आणखी कसला पुरावा हवा? ज्याचं नाव पहिल्या यादीत आहे आणि दुसऱ्यात नाही, त्याला ऑफिसनं स्वतः पत्र पाठवावं. एका रेकॉर्डला चार बाबू आणि दोन महिने पुरतील, हे मी अंदाजानं नाही, ते काम केलेला माणूस म्हणून सांगतो. मग हेच कारगिलला, श्रीलंकेला लावा. जो जास्त सोसून आला तोच यादीतून गळण्याची शक्यता जास्त, ही आपल्या पद्धतीतली गोम आहे, आणि ती अर्ज आल्यावर एकेक सुटणार नाही.

आता ज्यांची नोकरी चालू आहे त्यांना दोन शब्द. पेन्शन ड्रिलला जाल तेव्हा सगळे घाईत असतात. जवानाला घर दिसत असतं, बाबूला पुढची बॅच. डिस्चार्ज बुक समोर येतं, सही कर म्हणतात, आपण करतो. करू नका. मेडलचा रकाना वाचा. नाव, नंबर, स्पेलिंग वाचा. एक मेडल कमी असेल तर तिथंच बोला, कारण त्या दिवशी पाच मिनिटांत होणारं काम नंतर पाच वर्षं खातं. शीट रोलच्या नोंदींची आणि आपल्या पार्ट टू ऑर्डरांची नक्कल घरी ठेवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

आणि जे माझ्यासारखे घरी आलेत, किंवा ज्यांचे वडील, आजोबा फौजेत होते: अर्ज साध्या कागदावर चालतो. नंबर, रँक, नाव जसं पुस्तकात आहे तसंच, पलटण, भरतीची आणि सुटीची तारीख, कोणतं मेडल, त्या वेळी तुम्ही कुठं होता आणि यादीच्या वेळी कुठं होता. हे शेवटचं कुणी लिहीत नाही आणि तेच सर्वांत कामाचं असतं. हॉस्पिटलात होतो, कोर्सला होतो, दुसऱ्या युनिटबरोबर अटॅच होतो, असं लिहिलंत की बाबूला कुठला कागद उघडायचा ते कळतं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, म्हणजे त्याची आवक-जावक राहते. नुसतं 'नोंद नाही' असं उत्तर आलं तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात आपल्या शीट रोलची प्रत मागा. ती आपली आहे. त्याउपर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईतही त्याचं खंडपीठ बसतं, पण तिथं जायची वेळ बहुतेकांना येऊ नये. एजंटला एक रुपया देऊ नका. आणि कृपा करून गोपीनाथ बाजारातलं मेडल विकत घेऊन लावू नका, हक्क खरा असला तरी. आधी पुस्तकात चढू द्या.

तात्यांच्या केसला चौदा महिने लागले. पलटणीकडून खात्री, सेंटरकडून खात्री, मंजुरी, मग पार्ट टू ऑर्डर. सत्कार कधीच होऊन गेला होता. डिसेंबर 2022 मध्ये मी त्यांना फोन केला. म्हटलं, तात्या, मंजूर झालं, पण मेडल हातात यायला वेळ आहे, सध्या स्टॉक नाही.

"मेडलचं ऱ्हाऊ द्या. पुस्तकात लिवलं का?"

"लिहिलं."

"पूर्वी स्टार म्हणून?"

"हो."

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, माझ्याशी नाही, नातवाशी: "बघ रं, काय म्हणतायत साहेब. तूच घे फोन, नीट लिहून घे नंबर."

मी 2023 मध्ये पेन्शनवर आलो. निघण्याआधी माझ्या चार ड्रायव्हरांच्या मागे लागलो. 2004 ची माझी जुनी डायरी घरी ट्रंकेत सापडली, नंबर त्यात होते. एक अजून नोकरीत होता, त्याचं महिन्यात झालं. बिहारवाला आणि दुसरा एक पेन्शनवर, त्यांचीही मेडल्स मंजूर झाली. बिहारवाल्यानं फोनवर मला दोन शिव्या हासडल्या आणि मग लग्नाचं आमंत्रण दिलं, मुलीच्या. चौथा 2009 मध्ये घरी गेलेला, पिथोरागढकडच्या एका गावचा. दोन पत्रं परत आली, पत्ता बदललेला. गेल्या आठवड्यात तिथल्या सैनिक बोर्डाला तिसरं पत्र टाकलं आहे.